महादेवी वहिनींच्या तपासण्या

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा महादेवी वहिनींना बोलताना धाप लागत होती. हृदय थकलं होतं. मी उठायला लागलो तसं त्यांनी माझं मनगट धरलं. "भाऊजी, ह्यांना माझ्या पोटी काय मिळालं न्हाई. माझ्या मागं तुमीच बघा की त्यांच्याकडं." मी मान हलवली. खरं सांगायची तीच वेळ होती... दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला, वहिनी गेल्या.

त्या मैंदर्गीच्या. कानडीत सुरू केलेलं वाक्य मराठीत संपवायच्या आणि माझ्या आईच्या टोमण्यांना दोन्ही भाषांत हसायच्या. लग्नाला काही वर्षं झाली तरी मूल नव्हतं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधी दादाची तपासणी करायला सांगितली. ती सोपी असते. दादा प्लास्टिकची डबी घेऊन घरी आला आणि माझ्या हातात दिली. "तुला दोन पोरं हायेत. तुझं काय जातंय?" मला आपल्या दुकानात त्यानंच बसवलं होतं. डबीवर नाव दादाचं गेलं, नमुना माझा. त्याची खरी तपासणी कधीच झाली नाही.

निकाल उत्तम आला. आईनं गल्लीत पेढे वाटले. सगळ्यांत जास्त आनंद वहिनींनाच झाला होता.

मग दोष उरला तो त्यांच्याकडं. गर्भनळ्या मोकळ्या आहेत का, हे बघायला पिशवीत औषध सोडून एक्स-रे काढतात. दादा दुकानाचं कारण सांगायचा, म्हणून रिक्षातून मीच न्यायचो. दाराबाहेर बसलो असताना आतून "अव्वा" अशी हाक आली, त्यांच्या आईला मारलेली. नळ्या मोकळ्या निघाल्या. नंतर पोटाला छेद देऊन दुर्बीण घातली, तेही ठीक. दोष सापडत नव्हता, आणि सापडत नव्हता म्हणूनच पुढची तपासणी लागत होती. डॉक्टर बदलले, बार्शीलाही जाऊन आलो. आई म्हणायची, यंत्रालाबी हिची लबाडी कळंना. एकदा परतताना वहिनी हसून म्हणाल्या, "कायतरी बिघडलेलं निघू दे की भाऊजी. सुटेन मी." मी रिक्षावाल्याला खड्डे सांभाळून चालवायला सांगितलं. माझी माया तेवढीच.

हे मी दादाला विचारून लिहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या मुलीचं डोहाळजेवण घरातल्या घरात केलं. असल्या कार्यात ओटी भरायची वेळ झाली की वहिनी कुणी सांगायच्या आत स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या. त्यांचं ताट आतच जायचं. या वेळीही माझ्या बायकोनं गडबडीत, सवयीनं, पहिलं ताट वाढून आत ठेवलं. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा ते पाटासमोर तसंच होतं. शेंगापोळी, वर तूप... मागून दादा आला. ताटाकडं बघत उभा राहिला. मला वाटलं, आता तरी बोलेल.

"वाया जाईल," तो म्हणाला. "खाऊन टाक."

मी पाटावर बसलो आणि जेवलो.