बाबांची फिल्म आणि कॉलेजचं चॅनल

चूक पेडणेकर सरांची. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत 'कोणाची, कोणाची' करत बसायला नको. सर आमच्या बोरिवलीच्या कॉलेजात मीडिया कोर्सचे हेड. 'मुलांचं काम जगापर्यंत गेलं पाहिजे' असं एका मीटिंगमध्ये बोलून गेले आणि कॉलेजचं व्हिडिओ चॅनल निघालं. तिथपासून किस्से इतके साठले, की मित्र भेटले की चहाच्या आधी तेच काढायला लावतात. हसतात साले. यात हसायचं नक्की कुठे असतं, मला अजून कळलेलं नाही.

माझं काम साधं होतं. माझे बाबा मालाडच्या टॉवरांमध्ये लिफ्ट दुरुस्त करतात, त्यांच्यावर मी अकरा मिनिटांची फिल्म केली होती. अंधेरीतल्या एका एडिटिंग स्टुडिओच्या रश्मी मॅडम म्हणाल्या, "तीस तारखेपर्यंत कॉलेजच्या चॅनलची लिंक पाठव. आवडली तर नोकरी पक्की." आणि कॉलेजने तर फॉर्मवर सहीच घेतलेली, की मुलांचं काम दुसरीकडे कुठे टाकायचं नाही. म्हणजे माझी नोकरी सरांच्या एका क्लिकवर!

*

पहिल्याच आठवड्यात चॅनल लॉक झालं. उघडायचं तर फोनवर ओटीपी येणार. कुठल्या फोनवर? सरांनी ऑफिसची लँडलाइन दिलेली. "ऑफिशियल चॅनल, ऑफिशियल नंबर!"

फोन चार वेळा आला. चारही वेळा ऑफिसातल्या नाईक मॅडमनी उचलला.

"मॅडम, ओटीपी काय होता?"

"कसला ओटीपी? कोण एक बाई सारखी इंग्लिशमध्ये आकडे म्हणत होती. मी झापलं तिला. म्हटलं, हे कॉलेज आहे, लॉटरीचं दुकान नाय!"

*

शेवटी सरांनी स्वतःचा मोबाइल नंबर दिला तेव्हा चॅनल उघडलं, मग रीतसर उद्घाटन. क्यूआर कोड मोठा छापून गेटपाशी लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याने स्कॅन करायचा आणि मुलांचं काम बघायचं. आयडिया झकास होती, नाही म्हणत नाही. संस्थेच्या अध्यक्षांच्या मिसेस आल्या, नारळ फुटला आणि बाईंनी कोडवर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली. वरून हार.

सगळे पालक फोन वर धरून उभे. एकाचाही स्कॅन होईना.

"नेटवर्क नाही," सर म्हणाले.

"सर, कुंकू आहे. पुसू का?"

प्राचार्य मॅडम माझ्यावर धावूनच आल्या. "सवाष्णीने लावलेलं कुंकू पुसतोस? घरी हेच शिकवलंय?"

कोड तसाच राहिला. शिपाई त्याला रोज उदबत्ती लावतो.

*

माझ्या वर्गातल्या स्नेहाने चारकोपच्या भाजीवाल्या मावशींवर व्हिडिओ केला होता. त्याखाली परदेशातल्या कोणीतरी विचारलं, ही हिरवी भाजी कुठली? स्नेहा 'शेपू' लिहिणार, तेवढ्यात सर ओरडले, "थांब! उत्तर कॉलेजच्या नावाने जाणार!"

कमिटी बसली. अकराव्या दिवशी लेटरहेडवर, जावक क्रमांक टाकून, शिक्का मारून, स्कॅन करून उत्तर चढवलं. 'आपल्या पृच्छेच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, आपण दाखविलेल्या स्वारस्याबद्दल संस्था आभारी आहे.'

भाजीचं नाव घालायचं राहिलं.

*

अठरा तारखेला माझी फिल्म कमिटीपुढे गेली. हरकत एकच. बाबा गंजीफ्रॉकवर आहेत!

"जग बघणार आहे, बाळा. वडिलांना नीट दाखव."

लिफ्टच्या शाफ्टमध्ये किती उकडतं, हे मी सांगून बघितलं. ऐकतंय कोण! सरांनी थेट बाबांनाच फोन लावला. आणि माझा बाप, जो सोसायटीच्या सेक्रेटरीला तोंडावर झापतो, तो सरांपुढे गार! दुसऱ्या दिवशी लग्नाकार्यातला पांढरा शर्ट इन करून लिफ्टच्या टपावर चढला.

"बाबा, ग्रीस लागेल."

"लागांदे. सर बोललेत मा? तू गप शूटिंग कर."

शर्टाची वाट लागली. मी परत एडिट केलं, परत नेऊन दाखवलं. सर चष्मा काढून म्हणाले, "आता खोटं वाटतंय रे."

हे मी बाबांना आजपर्यंत सांगितलेलं नाही.

*

एकोणतीस तारखेला फिल्म एकदाची चढली. गंजीवाली की शर्टवाली, तेही न बघता मी लिंक रश्मी मॅडमना पाठवली आणि मग उघडली. आधी पेडणेकर सर. खुर्चीत बसलेले, मागे संस्थापकांचा फोटो. 'विद्यार्थ्यांच्या सुप्त गुणांना वाव मिळावा या उदात्त हेतूने...' सहा मिनिटं! त्यानंतर बाबा.

एक तारखेला मॅडमचा फोन आला.

"बघितलं रे. काय आवाज आहे!"

"थँक्यू, मॅडम. बाबांना सांगतो."

"बाबा? अरे, ते खुर्चीत बसून बोलतात ते तुझे बाबा आहेत?"

"नाही, ते आमचे सर."

"मग त्यांचाच नंबर दे ना. जाहिरातींसाठी मला अगदी असाच आवाज हवा होता."

"आणि मॅडम, पुढची फिल्म?"

"पुढे फिल्म पण आहे?"

मी नंबर दिला. सर आता दर शनिवारी अंधेरीला रेकॉर्डिंगला जातात. माझी हातातोंडाशी आलेली नोकरी गेली आणि त्याच आठवड्यात वैतागून मी कॉलेजही सोडलं, थर्ड इयर अर्धवट टाकून.