जरीचा फेटा आणि तांब्याचा हंडा

बायकांच्या हाती पैसा टिकत नाही, असं आमचे वडील नेहमी म्हणत. टिकतो की नाही हे कळायला तो आधी हातात यावा लागतो. आईच्या हाती तो कधी आलाच नाही. वडील गिरणीत कारकून. पगार झाला की किराणा स्वतः भरत आणि उरलेल्यात हॉटेलातला चहा, नाटकाचं तिकीट, नवा कोट. याला ते वरखर्च म्हणत. आजोबांचा खर्च फक्त तपकिरीचा. कपडा ते टाकतच नसत. स्वतःच्या लग्नातला फेटा अजून उशाखाली घेऊन झोपत.

आईचं चलन म्हणजे जुने कपडे. आमच्या शुक्रवार पेठेत कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण यायची. तिची हाक आली की आई वडिलांचे सदरे उजेडात धरून "इरला की वो" असा उसासा टाकायची. विरलेला नसला, तर पुढच्या खेपेपर्यंत धुण्याच्या दगडावर आपटून विरवायची.

तिला तांब्याचा हंडा हवा होता. आमच्या गळक्या तपेल्यातलं आंघोळीचं निम्मं पाणी चुलीत जायचं. पण सदऱ्यांवर हंडा कोण देणार? बोहारीण म्हणाली, जरीचं काही काढा. आईनं ट्रंकेतून वडिलांचा लग्नातला फेटा काढला. त्याला कसर लागलीय, असं तिनं स्वतःला बजावलं, आणि नेमकं तेच टोक बोहारणीपुढं आत दुमडून धरलं. हंडा आला.

थंडीत मोडनिंबला वडिलांच्या मावसभावाचं लग्न निघालं. निघायच्या सकाळी वडिलांनी ट्रंक उपडी केली.

"माजा फेटा कुटं हाय?"

आईनं न्हाणीकडं बोट केलं. "तितं. पानी तापतंय त्यात."

वडील लालबुंद झाले. हंडा आत्ताच्या आत्ता परत करायचा म्हणून तरातरा न्हाणीकडं गेले. आईनं दाराची चौकट घट्ट धरली. हंडा जाणार म्हणून मला तर रडूच फुटलं.

न्हाणीत आजोबा बसले होते, तापत्या हंड्यापुढं हात आडवा धरून.

"पानी हाय अजून त्यात," ते म्हणाले. "लई वर्सांनी माजी पाठ उनउनीत पान्यानं भिजली. हंडा हालायचा न्हाय. माज्या उशाखालचा फेटा घे, आन गप लग्नाला जा."

वडील गेले. फेट्यात आजोबांची कितीतरी वर्षांची तपकीर मुरलेली होती. मंगलाष्टकांत ते प्रत्येक 'सावधान'ला शिंकले.

पुढच्या खेपेला बोहारीण आली, तेव्हा आजोबा आपण होऊन बाहेर आले आणि तो फेटा आईपुढं ठेवला. "ह्याचं काय येतंय बघ. तुज्या मनाला यील ते घे."

ज्यानं फाटकं धोतरसुद्धा कधी दिलं नाही, तो हा माणूस. आईचे डोळे भरून आले. फेटा तिनं उजेडात धरलासुद्धा नाही. नीट घडी घालून त्यांच्या हातात परत दिला. "ह्यो न्हाय द्यायचा, मामंजी."

बोहारीण टोपली उचलायला लागली. वडील नवा कोट घालून कामावर निघाले होते, ते दारात उभे राहून हसत होते.

"थांब गं जरा," आई तिला म्हणाली, आणि वडिलांकडं वळली. "आवं, त्यो कोट जरा उजेडात आना की."