राणी ब्रिजिदाचा कललेला किल्ला

ब्राझीलमधल्या सांतोसच्या समुद्रकाठी ज्या इमारती कललेल्या आहेत, त्यांतल्या रहिवाशांना त्याबद्दल विचारण्यात अर्थ नसतो. आमची फारशी नाही, शेजारची बघा, असं उत्तर मिळतं. शेजारीही हेच सांगतात. मार्लुसी तावारेस ह्यांच्या सातव्या मजल्यावरच्या घरात कपाटाखाली पाचरी होत्या, पलंगाखाली पाचरी होत्या, आणि जेवणाच्या मेजाच्या एका पायाखाली विश्वकोशाचा एक जाडजूड खंड होता. त्या खंडाचा इतका सतत उपयोग दुसऱ्या कोणत्याही घरात झाला नसेल. मार्लुसीबाई लहानपणच्या पोलिओपासून चाकांच्या खुर्चीत होत्या. ब्रेक लावायला विसरलं की खुर्ची आपली आपण, कसलीही घाई न करता, खिडकीकडे निघे.

इमारतीच्या लिफ्टला मात्र हे कलणं मानवत नसे. ती अधूनमधून अडून बसे, आणि ह्या खेपेला बसली ती उठलीच नाही. एक सुटा भाग मागवलाय, असं दारवान सेउ ओलावो सांगे. तो कुठल्या देशातून येतोय, हे मात्र दर आठवड्याला बदले. बाई शेवटच्या खाली उतरल्या होत्या त्या कार्निव्हलच्या आधी. आता लोक स्वेटर घालू लागले होते, हे त्यांना वरून दिसत होतं.

पोटासाठी त्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहीत. मिक्सर, इस्त्री, कपडे धुण्याचं यंत्र. वस्तू बिघडल्याशिवाय कोणी उघडत नाही, अशा ह्या पुस्तिका. जिवासाठी त्यांनी एक खेळ रचला होता. मेजाभोवती बसायचं, एकाने सूत्रधार होऊन गोष्ट पुढे न्यायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि जिथे शंका येईल तिथे फासा टाकायचा. असे खेळ ब्राझीलभर खेळले जातात. बाईंच्या खेळातलं राज्य भरतीच्या पाण्यात अर्धं बुडालेलं होतं. त्यात हाताच्या खुणांनी फौज चालवणारा बहिरा सरदार होता, काळी दर्यावर्दी कप्तान होती, आणि जन्मभर एकमेकांशी भांडत खाणावळ चालवणारं दोन म्हाताऱ्यांचं जोडपं होतं, दोघेही पुरुष. कोणी कोणाला त्याबद्दल भाषण देत नसे. आणि चाकांच्या खुर्चीतली राणी ब्रिजिदा होती. ती वाटसरूंना लुबाडी, पत्त्यांत लबाडी करी आणि ज्याचं तोंड आवडलं नाही त्याला तळघरात टाके.

साव पाउलोच्या एका छोट्या प्रकाशकाला, एव्हांद्रोला, हा खेळ फार आवडला. त्याने फोन केला.

"दोना मार्लुसी, सगळं झकास आहे. फक्त ती राणी."

"तिचं काय?"

"ती वाईट आहे."

"आहेच. नाहीतर लोक तिच्याशी लढतील कशाला?"

"पण ती चाकांच्या खुर्चीत आहे."

"मीही आहे."

"तेच तर," एव्हांद्रो म्हणाला. "थांबा, ब्रुना समजावेल."

पुस्तकातून कोणाचा अपमान होऊ नये, हे पाहण्यासाठी ब्रुनाला नेमलं होतं. ती हुशार होती, आणि मनापासून बोलत होती. त्यामुळे तिच्यावर चिडणं अवघड होतं. "आजवर गोष्टींतले दुष्ट म्हणजे लंगडे, काणे, कुबडे," ती म्हणाली. "आपणही पुन्हा तेच छापायचं?"

"ते लंगडे होते म्हणून दुष्ट होते. ब्रिजिदाला ते काम आवडतं म्हणून ती दुष्ट आहे."

"वाचकाला हा फरक कळेल? दोन वाटा आहेत. राणी चालती करू या. नाहीतर खुर्ची राहू दे, पण ती प्रेमळ वैद्यबाई होऊ दे."

त्या संध्याकाळी बाईंनी हे जेराल्दोला सांगितलं. जेराल्दो म्हणजे बंदरावरचा निवृत्त क्रेनवाला. खेळातला जुना भिडू. रोज बाजार घेऊन सात मजले चढे आणि रोज गुडघ्यांची तक्रार करे.

"प्रेमळ?" तो कांदे टोपलीत टाकत म्हणाला. "इतकी वर्षं येतोय मी, मार्लु. तुला प्रेमळ म्हणणारा अजून भेटायचाय."

"म्हणजे मला गुणी व्हावं लागेल. खुर्चीत बसल्याची शिक्षा."

"बोलाव त्यांना. मेजावर घडेल ते खरं."

तो ह्या खेळाचा जुना दंडक होता. वाद झाला की खेळून पाहायचं, आणि मेजावर जे घडलं ते घडलं. नंतर कोणी खोडायचं नाही. पाहुण्यांनाही तो ठाऊक होता, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. एका शनिवारी दुपारी एव्हांद्रो आणि ब्रुना सात मजले चढून आले. बाईंनी कॉफी आणि चीजचे गरम पाव पुढे केले.

एव्हांद्रो बसता बसता खाली वाकला. "अरेरे," तो म्हणाला, आणि मेजाच्या पायाखालून विश्वकोशाचा खंड उपसून, रुमालाने पुसून, अदबीने फडताळावर ठेवला. पुस्तकाची ही अवस्था प्रकाशकालाच बघवणार नाही.

जेराल्दोने बाईंकडे पाहिलं. बाईंनी फासे पुढे सरकवले. खेळाडूच्या निर्णयात सूत्रधाराने लुडबुड करायची नसते.

खेळ सुरू झाला. एव्हांद्रो चिलखती सरदार, ब्रुना गोडबोली शाहीर, जेराल्दो चोर. ब्रिजिदाच्या किल्ल्याचं दार उघडंच होतं. आत एकही पायरी नव्हती. सगळे उतार, आणि तेही घोटून गुळगुळीत केलेले. कड्या गुडघ्याच्या उंचीवर. छत इतकं खाली की उभ्या माणसाला मान वाकवूनच चालावं लागे. राणीला लोकांनी वाकलेलं आवडे.

"मी दारातच थांबतो," जेराल्दो म्हणाला. "माझ्या चोराला गुडघ्यांचा त्रास आहे."

"मी आत जातो," एव्हांद्रो म्हणाला, आणि तोल सावरण्यासाठी फासा टाकला. फासा मेजावरून घरंगळला, खाली पडला, आणि खिडकीकडे जाऊन फ्रिजखाली दिसेनासा झाला.

"मेजाखाली गेलेला फासा फुकट," बाई म्हणाल्या. "सरदार घसरला."

ब्रुनाचा फासाही त्याच वाटेने गेला. शाहीर सरदाराच्या पाठोपाठ उतारावरून तळघरात पोचली, आणि वर दार लागलं. राणी आली. बाईंनी ब्रेक काढला आणि खुर्ची सावकाश मेजाच्या टोकाशी येऊ दिली.

"बसा," राणी म्हणाली. "पण तुम्हाला कुठे बसायला? खुर्ची माझ्याकडेच आहे."

ब्रुनाला हसू फुटलं. मग तिने शाहिराच्या गोड आवाजात सुरुवात केली. "राणीसाहेब, तुमच्याविषयी खूप ऐकलंय. ह्या अवस्थेतसुद्धा एवढं राज्य चालवता. किती धाडसी आहात. आम्हा सगळ्यांना तुमच्यापासून प्रेरणा मिळते."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"राणी दुसरं कुलूप लावते," त्या म्हणाल्या.

जेराल्दोने पाव तोंडात घातला. ब्रुनाचे कान लाल झाले.

"ते मी नाही, शाहीर बोलली," ब्रुना म्हणाली.

"कुलूपही मी नाही लावलं."

शेवटची बस गाठायची म्हणून खेळ तिथेच थांबला. उठताना ब्रुना म्हणाली, "राणी राहील. जशी आहे तशी." एव्हांद्रोने मान डोलावली, आणि मग घसा साफ केला. "फक्त एक. पहिल्या पानावर तुमचा फोटो लागेल, दोना मार्लुसी. खुर्चीसकट. म्हणजे लोकांना कळेल की हे कोणी लिहिलंय. नाहीतर ते आम्हाला सोलून काढतील."

बाईंनी आजवर कोणत्याही पुस्तिकेवर नावसुद्धा टाकलं नव्हतं. मिक्सर कसा धुवावा हे सांगायला माणसाला चेहरा लागत नाही. त्यांनी ब्रुनाकडे पाहिलं. ब्रुना फरशीकडे पाहत होती. राणीला वाईट राहू द्यायचं तर बाईंनी चांगलं दिसायचं, असा तो सौदा होता. एकीला सोडवायचं तर दुसरीने आत बसायचं.

"घ्या," त्या म्हणाल्या.

फोटो जेराल्दोने काढला. खुर्चीच्या खालच्या अंगाच्या चाकाखाली त्याने तो विश्वकोशाचा खंड सरकवला, त्यामुळे बाई ताठ सरळ आल्या. मागच्या भिंती कललेल्या होत्या.

वसंतात पुस्तक आलं. सेउ ओलावोने ते जिन्यावरून धापा टाकत आणलं; लिफ्टचा सुटा भाग तेव्हा म्हणे जर्मनीत होता. राणीचं प्रकरण शब्दनशब्द होतं. तिने एकाही ओळीत सुधारायचा प्रयत्न केला नव्हता. मग बाईंनी पहिलं पान उघडलं. कललेली खोली कोणाला तरी खटकली असावी. त्याने फोटो फिरवून भिंती नीट उभ्या केल्या होत्या. आता खोली सरळ होती, आणि बाई कलंडत होत्या. खाली छापलं होतं: अडचणींवर मात करून.

त्या आठवड्यात ब्रुनाचा फोन आला. फोटोबद्दल तिने पुन्हा पुन्हा माफी मागितली; तो तिने पाहिलाच नव्हता. मग थोडं थांबून म्हणाली, "दोना मार्लुसी, आम्ही अजून तळघरातच आहोत ना?"

"मेजावर जे घडलं ते घडलं."

"मग सोडणार कधी?"

बाईंची खुर्ची खिडकीशी येऊन थांबली होती. खाली माणसं समुद्रावर निघाली होती.

"लिफ्ट सुरू झाली की," त्या म्हणाल्या.