बाराव्या मजल्यापर्यंतचं वासरू

माझे शेजारी मूळचे रत्नागिरीचे. हमरिया बंदरातल्या शीतगृहात बीफच्या आयातीचं काम पाहतात. शारजात आमची इमारत एकच. ते पंधराव्या मजल्यावर, मी बाराव्या. मी शाळामास्तर आणि शाकाहारी, तरी लिफ्टमध्ये ते मला त्यांचा धंदा शिकवतात. तळमजल्यावर वासरू जन्मतं, चौथ्यावर आईचं दूध सुटतं, आठव्यापर्यंत ते ऑस्ट्रेलियाच्या कुरणात चरतं आणि अकराव्याला मक्याच्या खुराकावर येतं. "आता वजन बघा, मास्तर. तुमच्यासारखे पाच बसतील." बाराव्याला मात्र ते हात जोडतात. "खलास. पुढचं तुमच्यासाठी नाही."

पत्नी वारल्यावर मी प्रथमच शाळेत जाऊन परतलो, तेव्हा ते लिफ्टमध्ये भेटले. त्यांनी वासरूच काढलं. बारावा मजला आला, दार उघडलं. रिकाम्या घराकडे माझे पाय वळेनात. दार मिटलं.

"पुढे काय होतं?" मी विचारलं.

"पुढे? आज ते चरतच राहील, इन्शाल्ला. तुम्ही वर चला. घरी वरणभात लावतो." मग म्हणाले, "पातेलं नवं आहे, मास्तर. तुमच्यासाठी आणून चार दिवस झाले, स्टिकरसुद्धा काढलेला नाही."