राखाडी भिंत

धाकटी घरीच लग्नांचे व्हिडिओ एडिट करायची. कॉम्प्युटरमागची भिंत तिने मुद्दाम राखाडी करून घेतली होती, कारण भिंत रंगीत असली की डोळे फसतात आणि पडद्यावरचे रंग चुकतात. थोरल्या जावेला ती भिंत बघवत नसे. "घर आहे की तुरुंग?" असं ती येता-जाता टोचायची. धाकटी माहेरी गेली तेवढ्यात थोरलीने तिथे भडक नारिंगी रंग फासून घेतला.

काम तुंबलं होतं, म्हणून धाकटी परत आल्यावर दातओठ खात तशीच एडिटिंगला बसली. नारिंगी भिंतीसमोर तिला सगळे चेहरे निळसर दिसले, म्हणून तिने पिवळा वाढवला.

व्हिडिओ बघून आलेली नवरीची आई दारातूनच ओरडली, "माझी पोरगी लग्नात उभी आहे की काविळीच्या वॉर्डात? उद्यापर्यंत नीट करा, नाहीतर काम दुसरीकडे देते. आणि पुढची दोन लग्नंही!"

ती गेल्यावर धाकटीने नारिंगी भिंतीकडे बोट दाखवलं. थोरली हसली. "चुका स्वतःच्या आणि नाव भिंतीचं!"

धाकटी उठली. माळ्यावरून राखाडी रंगाचा उरलेला डबा काढून तिने टेबल पुढे ओढलं. थोरली भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "लावून तर बघ."

"जाऊबाई, सरका."

"नाही सरकत."

धाकटीने डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. ब्रश थोरलीच्या खांद्यापर्यंत आला आणि थांबला नाही.