एका टाकीतले दोन चालक

हायब्रिड गाडी घेतली त्या दिवसापासून अप्पांनी तिची वही ठेवली. टाकी भरायची ती नेहमी एकाच बंकवर, एकाच नळीनं, पहिला टक् आवाज येईपर्यंत. पेट्रोल पंपाला आमच्याकडे बंकच म्हणतात. मग अप्पा किलोमीटरचा आकडा मोठ्यानं सांगायचे आणि मी शेजारी बसून तो लिहायची, भागाकार करायची. गाडीचा पडदा जे अॅव्हरेज दाखवतो त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "ती स्वतःचीच स्तुती करते," असं ते म्हणत.

आईचा टोमणा ठरलेला. गाडीला ती इथल्यासारखं वंडी म्हणायची. "पोर झाली तेव्हा तिचं वजन कोणी लिहून ठेवलं नाही. वंडीचं मात्र सगळं लिहितात!"

मला ती वही आवडायची. लहानपणापासून शाळेत इंग्रजी, गल्लीत तमिळ, घरात मराठी, आणि मी तिन्हींत गप्प; आता कॉलेजात शिकवते तरी तशीच. अप्पांशी माझं बोलणं बरंचसं एवढंच.

"काय गे, किती आलं?"

"तेवीस."

"सरी," म्हणजे बरं.

पहिल्या वर्षी बावीस-तेवीस येत राहिलं. दिवाळीच्या सुमाराला ते एकोणीस झालं, मग अठरा. मी चाकांतली हवा तपासली. ओरत्तनाडूहून आत्यानं दिलेलं नारळांचं पोतं डिकीत तसंच पडलं होतं, ते उतरवलं. एसी कमी केला. फरक पडला नाही. निवृत्त झाल्यावर अप्पांना लोक मुद्दाम थांबवून एकच गोष्ट विचारत, "सार, तुमची वंडी किती देते?" आता ते उत्तर न देता हसून पुढे जायचे. मला ते बघवेना.

म्हणून बसला गर्दी असते असं कारण सांगून मी कॉलेजात जाताना आठवड्यातून तीन दिवस गाडी न्यायला लागले. कालव्याकाठचा रस्ता सकाळी मोकळा असतो. पुढे सायकल दिसली की लांबूनच पाय उचलायचा आणि ब्रेक हलका, बराच वेळ दाबायचा. पडद्यावर चाकांकडून बॅटरीकडे जाणारा हिरवा बाण दिसतो, आणि ते साठलेलं वापरून गाडी पुढचं काही अंतर पेट्रोलशिवाय जाते. हे मला अप्पांनीच शिकवलं होतं. टाकी एकच, तेव्हा माझं चालवणं त्यांच्या चालवण्यात मिसळून गेलं. पुढच्या वेळी एकवीस आलं.

"बघितलंस?" अप्पा आईला म्हणाले. "पाय अजून काही विसरलेला नाही."

मी मान खाली घालून वही मिटली. त्याच आनंदात त्यांनी ठरवलं की आत्याला आणि आईला घेऊन चिदंबरमला जायचं. गाडी स्वतः चालवायची, ड्रायव्हर नको.

त्याआधीच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर आत्याकडे निघाले. पोंगल होऊन गेलं होतं. रस्त्याच्या एका अंगाला भात वाळत घातलेलं, आणि गाड्या वर जाऊ नयेत म्हणून कडेनं दगड मांडलेले. मी सवयीनं पडद्याकडे बघत होते. हिरवा बाण जेमतेम लुकलुकायचा. स्पीडब्रेकर अगदी चाकाशी येईपर्यंत अप्पांचा पाय ब्रेकवर जात नव्हता, आणि जायचा तो दणक्यानं. दगड मला दिसत होते. ते अप्पांनाही दिसत असणार, असं मी धरून चालले. तेवढ्यात चाक एका दगडावर चढलं आणि गाडी भातात शिरली.

भात ओढणारी बाई दाताळं टाकून बाजूला उडाली होती. ती तमिळमध्ये ओरडली, "डोळे घरी ठेवून आलात का, सार?"

"ऊन डोळ्यांवर आलं," अप्पा मला म्हणाले. ऊन आमच्या पाठीमागे होतं.

परतताना बंकवर थांबलो. "आकडा तूच वाच गे," अप्पा म्हणाले. गेले काही महिने ते असंच म्हणत होते. त्यांचा माझ्यावर विश्वास वाढला, असं मला वाटलं होतं. आणि इतके दिवस जी एक गोष्ट खरं सांगत होती, त्या अॅव्हरेजलाच मी वरून रंग फासला होता.

दुसऱ्या दिवशी मी एका कागदावर सगळं मांडलं. कोणत्या दिवशी कोणी चालवली आणि पडद्यानं किती दाखवलं. तोंडानं सांगणं मला जमलं नसतं. जेवण झाल्यावर कागद त्यांच्या हातात दिला आणि दाराशी उभी राहिले. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला, खिडकीकडे वळवला.

"फार बारीक लिहितेस," ते म्हणाले. "वाच."

मला वाचावं लागलं. "ओरत्तनाडू, अप्पा, सोळा. कॉलेज, मी, पंचवीस. बाजार, अप्पा, सतरा." शेवटपर्यंत वाचलं.

"हे कधीपासून?"

"दिवाळीनंतर."

त्यांनी कागदाची घडी करून टेबलावरच्या वहीत ठेवली. मग म्हणाले, "आणि मला एकवीस सांगत होतीस."

"हो."

"चिदंबरमला आत्याला शब्द दिलाय."

"डोळे दाखवल्याशिवाय नाही, अप्पा." माझा आवाज इतका मोठा निघाला की आई स्वयंपाकघरातून हात न पुसता बाहेर आली.

अप्पांनी खिशातून किल्ली काढून वहीवर ठेवली. मी हात पुढे केला. पण त्यांनी किल्लीवरचा आपला हात उचलला नाही.