वासाआधी बोललेली पेशी

सुमनताई वाघमारे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांनाच विचारलं होतं, "लॅबच्या मॅडम कुठे भेटतील?" अंधेरीच्या आमच्या संस्थेत पीएच.डी.साठी दाखल होऊन मला एकच दिवस झाला होता. ताई सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मॅडम कोणी नाही, मीच आहे. दार लाव, वाऱ्याने सुई हलते."

ती सुई म्हणजे काचेची पोकळ नळी. तापवून, ओढून तिचं टोक इतकं बारीक करायचं, की नाकतोड्याच्या मेंदूतल्या एकाच चेतापेशीपाशी ते नेता यावं. पेशीतून उठणारे विजेचे ठोके मग पडद्यावर उमटतात, आणि स्पीकर जोडला तर लाह्या फुटाव्यात तसे ऐकू येतात. ताईंचे वडील नोकरीसाठी जालन्याहून भांडुपला आले. ताईंनी काम करता करता बी.एस्सी. केलं आणि इथे तंत्रज्ञ म्हणून लागल्या. ताईंच्या साठीनिमित्त निघालेल्या या गौरवग्रंथात लिहिणाऱ्या बहुतेकांना सुई ओढायला त्यांनीच शिकवलं आहे.

वास दिल्यावर नाकतोड्याच्या मेंदूतल्या कोणत्या पेशी उत्तर देतात, हा माझा विषय. तिसऱ्या वर्षी मला एक पेशी सापडली. लवंगेच्या तेलाचा वास सोडला की ती तत्क्षणी ठोका द्यायची, दर वेळी. पुढे तशाच आणखी काही सापडल्या. आमचे मार्गदर्शक रेगे सर यांनी एका परिषदेला निबंधाचा सारांशही पाठवला. मुलुंडला आमच्या घरी आईने पेढे आणले.

एका दुपारी ताई माझ्या नोंदी पाहत होत्या. त्यांनी विचारलं, "नेहा, वास झडपेतून सुटतो ना?"

"हो."

"झडपेपासून किड्यापर्यंत हातभर नळी आहे. मग वास पोचायच्या आधीच ही पेशी कशी बोलते गं?"

"सरांनी पाहिलंय ते," मी जरा तोडूनच म्हटलं. ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी सुई मेंदूतून काढली आणि मिठाच्या पाण्याच्या वाटीत बुडवली. "आता सोड वास."

मी बटण दाबलं. पडद्यावर तोच ठोका आला. वाटीत ना किडा होता, ना पेशी. झडप उघडताना तिच्या वायरीतली वीज सुईत शिरत होती, आणि चार महिने मी तिलाच पेशी म्हणत होते.

"वाट लागली, ताई. सरांना काय सांगू?"

"दिसलं ते सांग. मी येते बरोबर. आणि वहीतली ती पानं खोड, पण फाडू नकोस."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "सर, त्या वायरी मी बांधल्या होत्या. झडपेची आणि सुईची वायर एकाच जुडग्यात गेली. चूक दोघींची आहे." मला हे ठाऊकच नव्हतं. त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणालाच कळलं नसतं.

सर एवढंच म्हणाले, "सारांश मागे घ्यायचं पत्र मी लिहितो. तुम्ही पुन्हा मोजा."

ताईंनी वायरी सोडवल्या, वेगळ्या बांधल्या, नवं अर्थिंग केलं. सुट्टीच्या सकाळी त्या घराजवळच्या गवतात जाळी घेऊन फिरत आणि सोमवारी झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यातून माझ्यासाठी नाकतोडे आणत. मी मोजत गेले. बहुतेक पेशी लवंगेला गप्पच राहिल्या. मी जवळजवळ आशा सोडली होती. मग एका सकाळी झडप वाजली, स्पीकर शांत राहिला, वास पोचायला लागतो तेवढा क्षण गेला आणि लाह्या फुटू लागल्या. आम्ही पुन्हा सोडला, पुन्हा तसंच. वाटीतही करून पाहिलं. तिथे काही आलं नाही. मी स्टुलावर बसूनच राहिले. ताईंनी स्पीकरचा आवाज कमी केला. "आता डबा खाऊन घे. सकाळपासून तशीच आहेस."

तशा तीनच पेशी मिळाल्या. प्रबंध त्यांच्यावर उभा राहिला, आणि सरांनी शोधनिबंधावर ताईंचं नाव लेखकांमध्ये घातलं. तो प्रबंध आज कुणीही उघडून तपासावा, मला निवांत झोप लागते. हे सुख ताईंनी दिलं.

गेल्या वर्षी ताईंच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. सूक्ष्मदर्शकावर हयात घालवलेलं माणूस. त्या मनातून घाबरल्या होत्या, आम्हीही. पट्टी निघाली त्या दिवशी मी भांडुपला गेले होते. ताई खिडकीत उभ्या होत्या. म्हणाल्या, "समोरच्या बिल्डिंगवर तिसऱ्या मजल्यावर टॉवेल वाळतोय बघ. पांढरा आहे. मी इतके दिवस त्याला पिवळा समजत होते." आणि त्या मोकळेपणाने हसल्या.

साठी पूर्ण करणाऱ्या आमच्या ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आता कुणाच्या नोंदी तपासायच्या नाहीत, की गवतात किडे शोधायचे नाहीत. त्यांनी सकाळी उशिरा उठावं, चहा घेऊन त्या खिडकीशी बसावं आणि पुढची कित्येक वर्षं सगळे रंग नीट पाहत राहावं.